मध्यपाण्यात बंद पडणारी लाँच

लाँचच्या इंजिनावर मी अकरा वर्षं काम केलं असं सांगितलं, की समोरचा माणूस "मुंबईला की रत्नागिरीला?" असं विचारतो. मी बीड जिल्ह्यात म्हणतो आणि तो हसतो. धाकट्या मुलीच्या लग्नात व्याह्यांकडचे एक पाहुणे म्हणाले होते, तुमच्याकडं प्यायला टँकर लागतो, मग लाँच चालवता कशात? त्यांचं काही चुकलं नव्हतं. ज्या वर्षाची हकिगत मी लिहितोय त्या वर्षी आमच्याकडे टँकरही होते आणि लाँचही होती. टँकर आणखी वाढू नयेत म्हणूनच ती लाँच चालू राहणं भाग होतं.

मी मूळचा घाटनांदूरचा. अंबाजोगाईत हबीब उस्तादांच्या हाताखाली डिझेल इंजिनं शिकलो. तेव्हा बऱ्याच विहिरींवर वीज पोचलेली नव्हती, पोचली तरी टिकत नव्हती, त्यामुळे पाणी उपसायला इंजिनच असायचं. उस्ताद कमी बोलायचे. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला एकच गोष्ट समजावली. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी असते, डिझेलच्या इंजिनात नसते. तिथं हवा इतकी जोरात दाबली जाते की ती भयंकर तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा मारला की तो आपोआप पेट घेतो. म्हणजे स्वच्छ डिझेल, पुरेसं डिझेल, वेळेवर पोचलं की इंजिन चालतं. "टाकीपास्नं निघायचं," उस्ताद म्हणायचे, "आणि डिझेलच्या संगं चालत जायचं. ते जिथं अडलं तिथं आपण थांबायचं. मधेच उडी मारायची नाही."

हे ऐकायला फार सोपं आहे. पण मिस्त्री लोक टाकीपासून निघत नाहीत. ते सरळ फवारा मारणारा नोझल खोलतात, कारण नोझल खोलल्यावर काम केल्यासारखं दिसतं.

उमापूरला एका बागायतदार आबांचं इंजिन रोज तासभर चालून बंद पडायचं. माझ्या आधी तीन मिस्त्री येऊन गेले होते. दोघांनी नोझल बदलले होते, तिसऱ्यानं पंप. आबांची खात्री झाली होती की हे काम माणसाच्या हातातलं नाही. इंजिनाच्या चहूबाजूंनी कापलेली लिंबं पडली होती. मी टाकीचं झाकण नुसतं सैल केलं, तर आत 'सूं' करून हवा शिरली आणि मरायला टेकलेलं इंजिन पुन्हा ताठ बोलायला लागलं. झाकणाला एक बारीक भोक असतं. डिझेल जसं कमी होतं तशी त्या भोकातून वरून हवा आत यावी लागते, नाहीतर टाकीत पोकळी होते आणि डिझेल खाली उतरत नाही. आबांनी ते भोक साबण भरून बुजवलं होतं. का, म्हणून विचारलं, तर म्हणाले, डिझेल उडून जात हुतं. मग बराच वेळ ते त्या झाकणाकडे बघत बसले आणि म्हणाले, "मिस्त्री, एवढ्याशा भोकापायी मी गाडीभर लिंबं कापली की हो."

अशा दहा-बारा कामांनी माझं नाव झालं. नाव झाल्यावर माणूस कमी ऐकायला लागतो. हे मला तेव्हा कळत नव्हतं.

आमच्या भागातल्या धरणावर मच्छीमारांची एक सहकारी संस्था होती. धरण भरलेलं असताना पैलतीरावरची मासळी भिंतीजवळच्या बाजारात आणायला तिनं कोकणातून एक जुनी लाँच आणली होती, ट्रकवर घालून. लाँच म्हणजे लांबट लोखंडी होडी. तिचं दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन होडीच्या पोटात, मधोमध बसवलेलं. इंजिनातून एक लोखंडी दांडा मागं पाण्यात जातो आणि त्याच्या टोकाचा पंखा फिरला की होडी पुढं सरकते. इंजिन विहिरीवरच्याच जातीचं. फरक एवढाच की विहिरीवर ते बंद पडलं तर माणूस झाडाखाली जाऊन बसतो, आणि धरणात बंद पडलं तर वारा नेईल तिकडं जातो. संस्थेचे सचिव शेषराव यांनी मला शोधून आणलं आणि तेव्हापासून ती लाँच माझ्या गळ्यात पडली.

ती चालवायचे तात्याबा. तेव्हा साठीला टेकलेले, उंच, किडकिडीत, डोक्याला कायम पंचा. त्यांचं गाव आणि त्यांची जमीन, दोन्ही धरणाखाली गेली होती. ज्या रानात त्यांनी औत हाकलं त्याच्याच डोक्यावरून ते आता लाँच हाकत होते. विहीर कुठं होती, बांध कुठं होता, देवळाचा चौथरा कुठं, हे सगळं त्यांना पाण्यावरून कळायचं. मला मात्र सगळीकडे सारखंच पाणी दिसायचं.

मग लागोपाठ दोन वर्षं पाऊस गेला. धरणाचं पाणी इतकं खाली उतरलं की गावाला पाणी देणारं दार कोरडं पडलं. उसाअभावी साखर कारखाना बंद झाला. संस्थेची मासेमारी थांबली, आणि धडधाकट माणसं ऊसतोडीला लांब निघून गेली. मागं राहिली म्हातारी माणसं, काही बायका, आणि मधल्या खोल भागात उरलेलं पाणी. पाणीपुरवठ्याच्या साहेबांनी त्या उरलेल्या पाण्यावर ड्रमांचा एक मोठा तराफा सोडला. तराफ्यावर विजेचे पंप, तिथून तरंगत्या पाइपांची रांग काठापर्यंत, आणि पुढं तालुक्याच्या गावापर्यंत. पाणी रोज थोडं मागं सरायचं. आठवड्याला एकदा तरी तराफा आणखी खोलात ओढून न्यावा लागायचा, नाहीतर पंप गाळ ओढायचे. तो तराफा ओढायची ताकद धरणात एकाच गोष्टीत होती, ती म्हणजे आमची लाँच. संस्थेला तेवढं एकच काम उरलं होतं आणि गावाचं पाणी त्यावर होतं.

आणि नेमकी तेव्हाच लाँच दगा द्यायला लागली. मोकळी फिरवली तर ठीक चालायची. तराफा जोडून ओढायला लावलं की पंधरा-वीस मिनिटांत तिचा दम जायचा आणि ती बंद पडायची. थोड्या वेळानं हँडल मारलं की कधी चालू व्हायची, कधी नाही.

शेषरावांनी मला बोलावलं. मी गेलो तेव्हा संस्थेच्या वट्यावर आठ-दहा माणसं बसली होती, तात्याबाही होते. मी फिल्टरखालची काचेची वाटी काढली. तिच्यात डिझेल वर आणि पाणी खाली असतं, कारण पाणी जड. वाटीत निम्म्याहून जास्त पाणी होतं. मला लगेच सापडल्याचा आनंद झाला. तात्याबा काहीतरी सांगायला पुढं आले होते. इंजिनाच्या आवाजाबद्दल काही. मी हातानंच त्यांना थांबवलं, ती वाटी उचलून सगळ्यांना दाखवली आणि म्हणालो, "डिझेलात पाणी आहे. पाणी आपोआप येत नाही. कुणीतरी डिझेल काढतंय आणि पाणी भरतंय."

डिझेलच्या डब्याची किल्ली एकट्या तात्याबांकडे असायची. मी त्यांचं नाव घेतलं नाही, पण घ्यायची गरजही नव्हती. वट्यावरची सगळी माणसं त्यांच्याकडे बघायला लागली. तात्याबांनी कमरेची किल्ली सोडली, शेषरावांच्या समोर ठेवली आणि वट्यावरून उतरून चालत गेले. एक शब्द बोलले नाहीत. तो गुन्हा कबूल केल्याचा गप्पपणा आहे असं मला वाटलं.

लाँचवर बंडू आला. तिशीतला गडी, कारखान्यावर ट्रॅक्टर चालवायचा, कारखाना बंद पडल्यानं मोकळा होता. हात चांगला होता त्याचा. मी टाकी रिकामी करून धुतली, फिल्टर बदलला, नवं डिझेल आणून स्वतः भरलं आणि किल्ली माझ्या खिशात ठेवली. पहिल्याच खेपेला वीस मिनिटांत लाँच बंद पडली. मी झाकणाचं भोक बघितलं, मोकळं होतं. डिझेल ओढून पुढं ढकलणारा छोटा फीडपंप खोलला, त्याचा पडदा चांगला होता. टाकीतून फीडपंपापर्यंत येणारा रबरी पाइप काढून तोंडानं फुंकला, हवा झकास गेली. मग मी तेच केलं ज्यासाठी बाकीच्या मिस्त्र्यांना हसायचो. नोझलला डिझेल देणारा मोठा पंप खोलून लातूरला तपासायला पाठवला. त्यात चार दिवस गेले. पंप निर्दोष म्हणून परत आला. तोवर तराफ्याखाली जेमतेम कमरेएवढं पाणी उरलं होतं आणि गावाच्या नळाला मातकट धार यायला लागली होती.

पंप बसवला त्या दिवशी सकाळी साहेबांचा निरोप आला, आज तराफा हललाच पाहिजे. मी स्वतः लाँचमध्ये बसलो. वारा होता, पण थांबायला वेळ नव्हता. बंडूनं तराफा जोडला. अर्धं अंतर छान गेलो. मग इंजिनाचा आवाज हळूहळू खाली बसत गेला, मी काही करायच्या आत पंखा थांबला. वाऱ्यानं तराफ्याला धरलं आणि तो आम्हाला मागं ओढायला लागला. ज्याला ओढायला निघालो होतो तोच आम्हाला ओढत होता. मी फिल्टरवरचा स्क्रू सैल करून लाइनीतली हवा काढायला बसलो, बंडू हँडल मारून मारून घामाघूम झाला. तेवढ्यात खालून मोठा खरखराट झाला. लाँच कशावर तरी चढून तिरपी झाली. तराफा दोरी तोडून तसाच पुढं गेला, पाइपांच्या रांगेला हिसका बसला, आणि एक जोड उघडून पाण्याचं मोठं कारंजं उडालं. मग ते कारंजं खाली बसलं. काठावरच्या माणसानं पंपांची वीज बंद केली होती. म्हणजे आता गावाला मातकट पाणीसुद्धा नव्हतं.

लाँच तिरपी, चारी बाजूंनी पाणी. पोहता मला येत नव्हतं. मी लोखंडी कडा दोन्ही हातांनी धरून बसलो. बंडू म्हणाला, "मिस्त्री, खाली काय हाय काय म्हाईत. उतरलो आन् खड्डा असला तर?"

थोड्या वेळानं काठाकडून एक थर्मोकोलचा तराफा येताना दिसला. आमच्याकडे मच्छीमार थर्मोकोलचे तुकडे बांधून त्यावर आडवे पडतात आणि हातांनी पाणी मारत जाळी टाकायला जातात. जवळ आला तेव्हा ओळखलं, तात्याबा होते. खांद्याला दोरखंड, त्याचं दुसरं टोक काठावरच्या माणसांकडे. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. बंडूला म्हणाले, "इहिरीच्या कठड्यावर बसलीय लाँच. डाव्या अंगाला उतरू नको, तिकडं इहीर हाय. उजवीकडं उतर, मांडीएवढं पाणी हाय, खाली वावर हाय."

बंडू उजवीकडे उतरला. पाणी खरोखर मांडीएवढंच होतं. दोघांनी खांदा लावून लाँच कठड्यावरून सोडवली. तात्याबांनी दोरखंड बांधून दिला आणि काठावरच्या माणसांनी आम्हाला ओढून घेतलं. तात्याबा थर्मोकोलवर आडवे होऊन आले तसे निघून गेले. ज्या विहिरीवर आम्ही आपटलो ती त्यांच्या वडलांनी खणलेली होती, हे मला नंतर बंडूनं सांगितलं.

दुपारभर मी लाँचमध्ये एकटा बसलो. माझ्या खिशातल्या किल्लीचं डिझेल, मी भरलेलं, मी मोजलेलं. वाटी उघडली. तिच्यात पुन्हा दोन बोटं पाणी होतं. आता मात्र मी टाकीपासून निघालो. टाकी मागच्या बैठकीखाली, तिचं भरायचं तोंड वर फळीवर. त्या झाकणाखालचा रबरी वायसर मी बोटानं दाबला तर त्याचे तुकडे झाले. लाँच रोज सकाळी बादलीनं धुतली जायची. ते पाणी झाकणाभोवतीच्या खळग्यात साचायचं आणि फाटक्या वायसरमधून थेंब थेंब टाकीत जायचं. मी तांब्याभर पाणी ओतून बघितलं. झाकण जागच्या जागी असताना ते पाणी माझ्या डोळ्यांसमोर आत गेलं. मी म्हणालो होतो की पाणी आपोआप येत नाही. ते आपोआप येत होतं.

मी तसाच तात्याबांच्या घरी गेलो. पुनर्वसनात मिळालेलं दोन खोल्यांचं घर. त्यांच्या बायको सुंदराबाई अंगणात जाळं विणत होत्या. त्यांनी मला बसायला पोतं टाकलं, पाणी दिलं, चहाही ठेवला. तात्याबा भिंतीला टेकून बसले होते. मी वायसरचे तुकडे त्यांच्या पुढ्यात ठेवले आणि सगळं सांगितलं. ते तुकडे त्यांनी हातात घेऊन नीट बघितले.

"पाणी ह्याच्यातनं येतंय, खरं हाय," ते म्हणाले. "पर लाँच त्या पाण्यानं बंद पडत न्हाई."

मी विचारलं, कशावरून?

"मिस्त्री, लाइनीत हवा न्हाईतर पाणी आलं की इंजिन खोकतंय, आचके देतंय. हे खोकत न्हाई. ह्येचा आवाज बसत जातोय, नरडं दाबल्यावानी. आन् ओढाय लावलं तरच. त्या दिशी मी ह्येच सांगाय आलतो."

मी इंजिनांत तीस वर्षं काढली होती आणि हे मला त्या माणसानं सांगावं लागलं, ज्याला मी चोर ठरवलं होतं. त्यांचं म्हणणं ऐकताक्षणी खरं वाटलं. खोकणारं इंजिन म्हणजे डिझेलात दुसरं काहीतरी मिसळतंय. घुसमटणारं इंजिन म्हणजे डिझेलच कमी पडतंय. वाट कुठंतरी अरुंद होती, आणि जास्त ओढल्यावर आणखी अरुंद होत होती.

मी म्हणालो, तात्याबा, उद्या लाँचवर चला. तुमच्याशिवाय हे व्हायचं नाही.

त्यांनी वायसरचे तुकडे परत माझ्या हातात दिले. मग म्हणाले, "तुमी माज्या घरी येऊन बोललात, ते बरं केलं. पर आमच्याबद्दल तुमी घरी न्हाई बोललात. वट्यावर बोललात. ज्यांनी ऐकलं त्यांच्यापुढं, त्याच वट्यावर बोला. मंग मी येतो."

त्या रात्री मला झोप लागली नाही असं मी म्हणणार नाही. दमलो होतो, झोपलो. पण सकाळी वट्याकडे मी लांबच्या वाटेनं गेलो. मिस्त्रीचा धंदा नावावर चालतो. शेषरावांना मी सगळ्यांना बोलवायला सांगितलं होतं. तीच आठ-दहा माणसं आली, शिवाय पाणीपुरवठ्याचे साहेब. तात्याबा वट्याखाली उभे राहिले, वर आले नाहीत.

मी वायसरचे तुकडे दाखवले आणि म्हणालो, "तात्याबांनी डिझेलाला हात लावला नव्हता. पाणी ह्या झाकणातून येत होतं. मी न बघता बोललो. चूक माझी आहे."

ठरवून ठेवलेली आणखी चार वाक्यं होती, ती आठवली नाहीत. खिशातली किल्ली काढून मी शेषरावांच्या पुढ्यात ठेवली. शेषराव खाली बघत म्हणाले की किल्ली आपणही उचलायला नको होती. मग मागून सुंदराबाई बोलल्या. रागानं नाही, हिशेब सांगावा तशा. "काल लाँच अडकंस्तोवर हा माणूस बारा दिस धरणाकडं पाठ करून बसला हुता. जेवायला सुदीक तिकडं तोंड केलं न्हाई."

तात्याबा वट्यावर चढले, शेषरावांच्या पुढ्यातली किल्ली उचलली, कमरेला बांधली आणि मला म्हणाले, "चला. वारं सुटायच्या आत."

उस्तादांनी शिकवलेली एक सोपी युक्ती आहे. इंजिनाला टाकी सोडून दुसरीकडून डिझेल द्यायचं. मी एक पाच लिटरचा डबा लाँचच्या छताच्या आडव्या पाइपला टांगला, त्यातून पारदर्शक नळी थेट फीडपंपाला जोडली. ह्यानं इंजिन चाललं तर दोष टाकीत किंवा टाकीकडून येणाऱ्या पाइपात, नाही चाललं तर पुढं. ही परीक्षा मी पहिल्याच दिवशी घ्यायला हवी होती.

तराफा विहिरीपासून थोड्या अंतरावर गाळात टेकला होता. तात्याबा लाँच वाकड्यातिकड्या वाटेनं घेऊन गेले. बंडू शेजारी उभा. जाता जाता त्याला ते सांगत होते, हा आमचा बांध, हितं चिंचंचं खोड हाय, इकडं मोकळं वावर. बंडूनं खिशातून कागद काढून त्यावर खुणा करायला सुरुवात केली. तराफा जोडला, तात्याबांनी इंजिनाला जोर दिला. मी घड्याळ हातात धरलं. दहा मिनिटं. पंधरा. तराफा गाळातून सुटला. वीस. पंचवीस. आवाज जागचा हलला नाही. अर्ध्या तासानं तात्याबांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली.

म्हणजे दोष मागं होता. खात्रीसाठी मी नळी काढून जुना रबरी पाइप पुन्हा जोडला. तेराव्या मिनिटाला आवाज बसायला लागला. लगेच डब्याची नळी लावली आणि लाइनीतली हवा काढली, इंजिन सावरलं.

तो पाइप मी मांडीवर घेतला. बाहेरून टणक, कुठं भेग नाही, क्लिपा घट्ट. पुन्हा फुंकून बघितलं, हवा मोकळी गेली. मग तात्याबा म्हणाले, "इंजिन फुकतंय का ओढतंय?"

मी पाइप तोंडाला लावून ओढला. डिझेलची चव जिभेवर आली, आणि पाइप बंद झाला. साफ बंद. ब्लेडनं तो उभा चिरला. आतलं रबर वर्षानुवर्षं डिझेलात राहून सुटलं होतं, कांद्याच्या पातळ सालीसारखं. फुंकलं की ते भिंतीला चिकटायचं आणि वाट मोकळी. ओढलं की आत दुमडायचं आणि वाट बंद. मोकळ्या लाँचला डिझेल थोडं लागायचं, त्यामुळे भागायचं. तराफा जोडला की ओढ वाढायची, साल दुमडायची, इंजिन मरायचं. थोडा वेळ थांबलं की साल परत जागेवर. इतके दिवस आम्ही सगळ्यांनी त्या पाइपाला निर्दोष धरलं होतं, कारण तो बाहेरून चांगला होता आणि मी त्याला उलट्या बाजूनं विचारत होतो.

लाँच काठाला लागल्यावर बंडू मोटरसायकलवर तालुक्याला गेला आणि डिझेलचा नवा पाइप, दोन क्लिपा आणि झाकणाचा वायसर घेऊन आला. तोवर साहेबांच्या माणसांनी तुटलेला पाइपांचा जोड बसवला. मी पाइप लावला, वायसर बसवला, वाटीतलं पाणी काढलं. डबा उतरवून ठेवला. आता टाकीतूनच चालायचं होतं.

दुपारी निघालो. जुन्या नदीचं पात्र धरणात जिथं सगळ्यांत खोल होतं तिथं तराफा न्यायचा होता. तात्याबा सुकाणूला, बंडू दोरखंडाला, मी इंजिनाशी गुडघे टेकून. एक तास लागला. त्या तासात मी एकदाही वर बघितलं नाही, फक्त ऐकत होतो. इंजिन खोकलं नाही, घुसमटलं नाही. तराफा जागेवर आला, बंडूनं नांगर टाकले. तात्याबांनी काठाकडे पंचा हलवला. पलीकडून वीज जोडली गेली, तराफ्यावरचे पंप घरघरले आणि पाइपांची रांग जीव आल्यासारखी ताठ झाली. काठावरच्या टाकीजवळ उभ्या माणसानं दोन्ही हात वर केले. पाणी पोचलं होतं.

तेवढ्यात आमचं इंजिन थांबलं.

पाना उचलून मी फिल्टरकडे वळलो. मान वर केली तर तात्याबांचा हात बंद करायच्या दांडीवर होता. त्यांनीच बंद केलं होतं. लाँच दगा द्यायला लागल्यापासून मध्यपाण्यात इंजिन मुद्दाम बंद करायची कुणाची हिंमत झाली नव्हती.

"तात्याबा, बंद का केलं?" मी विचारलं.

ते भाकरीचं फडकं सोडत होते. अर्धी भाकरी त्यांनी माझ्या हातावर ठेवली, चतकोर बंडूला दिली.

"आता चालू हुतंय म्हणून," ते म्हणाले, आणि धरणाकडे तोंड करून जेवायला बसले.